वरच्या खोलीचं तापमान

स्टुलावर चढून मी छताच्या अँगलला बांधलेली तापमान टिपणारी टिकली सोडवत होते, तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "मोनाली, मी चालली वं."

शिलाई मशीनवर बसलेली मोनाली मान वर न करता म्हणाली, "हो, आई."

पत्र्याचं दार बाहेरून ओढलं गेलं. कडी सरकली, कुलूप दाबल्याचा आवाज झाला आणि लोखंडी जिन्यावरून पावलं खाली उतरत गेली. कामाच्या नादात मला वाटलं, झळा आत येऊ नयेत म्हणून दार लोटलं असेल. मी जुन्या टिकलीतली नोंद घेतली, नवी बांधली, खाली उतरले आणि दार ढकललं. ते हललं नाही.

"बाहेरून लावलं की काय त्यांनी?" मी हसतच विचारलं.

मोनालीनं दातानं दोरा तोडला. "रोजच लावतात," ती म्हणाली.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी तेव्हा नागपूरच्या एका संस्थेत होते आणि आमचं चंद्रपुरात उन्हाळ्याचं काम चालू होतं. हवामान बदलतंय, उन्हाळे आणखी कडक होत जाणार. तर शहरातल्या कुठल्या घरांना त्याची झळ सगळ्यात जास्त बसेल ते आधी शोधायचं, म्हणजे उपाय तिथून सुरू करता येतील, असं ते काम. आमच्या इंगोले सरांनी त्यासाठी एक पद्धत बसवली होती. घर किती तापतं, घरातली माणसं किती नाजूक आहेत आणि उष्णतेला तोंड द्यायची त्यांची ऐपत किती, या तिन्ही गोष्टींना गुण द्यायचे. त्यांतून प्रत्येक घराचा एक आकडा निघायचा आणि नकाशावर त्या घराला रंग मिळायचा. लाल म्हणजे मोठा धोका, पिवळा मधला, हिरवा कमी. घर किती तापतं ते मोजायला शर्टाच्या बटणाएवढी यंत्रं होती, तासातासाला तापमान टिपून ठेवणारी. आम्ही त्यांना टिकल्या म्हणायचो.

मोनालीचं, म्हणजे मोहुर्ल्यांचं घर नकाशावर हिरवं होतं.

एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा सगळी उत्तरं सासूबाईंनीच दिली होती. गिरिजाबाई. पन्नाशीच्या, ठणठणीत, बोलायला मोकळ्या. खाली दोन स्लॅबच्या खोल्या. कूलर आहे, फ्रीज आहे, नळाला पाणी आहे. नवरा वारलेला. मुलगा प्रफुल्ल कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, कमाई बरी. घरात कोणी म्हातारं नाही, तान्हं नाही, आजारी नाही.

"आणि गच्चीवरची पत्र्याची खोली?" मी विचारलं होतं.

"तिथं मशीन हाय ना सुनेची. बसते कधीमधी."

सून दाराला टेकून उभी होती. तुम्हाला काही सांगायचंय का, असं मी तिलाही विचारलं. तिनं सासूकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. मी 'कधीमधी' असं लिहून घेतलं, एक टिकली खाली बांधली, एक वर, आणि पुढच्या घराकडे वळले.

त्या दिवशी मी त्या टिकल्या बदलायला आले होते. खालून हाक मारली तर न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. वाट माहीत असल्यामुळे मी सरळ वर गेले. गल्ली अरुंद, म्हणून स्कूटी लांब तोंडाशी कडुनिंबाखाली लावलेली आणि फोन तिच्या डिकीत. गिरिजाबाई लग्नांच्या स्वयंपाकाला जायच्या. मे महिना होता, लग्नाची तिथी होती. आंघोळ उरकून, दार लावून त्या निघून गेल्या. मी दाराआडच्या कोपऱ्यात स्टुलावर होते, आत आणखी कोणी आहे हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

"कधी येतील त्या?"

"पंगती उठल्या का. दिवेलागणीले."

आणि आत्ता जेमतेम बारा वाजले होते.

मी दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. खिडकी एकच, मागच्या बाजूला, जाळीची. तिच्यासमोर एका गोदामाची उभी भिंत. गल्लीत प्रत्येक घराला कूलर होता आणि ते सगळे एकदम घरघरत होते. दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून माणसं आत झोपली होती. माझा आवाज माझ्याच कानांना लहान वाटायला लागला.

"लाइन गेली तं ऐकू जाईल," मोनाली म्हणाली. "मंग कूलर बंद पडतात, लोक बाहेर येतात."

"जाते का दुपारी?"

"कधी जाते, कधी नाही जात."

आयुष्यात पहिल्यांदा, भर मे महिन्यात, मी वीज जावी म्हणून वाट बघितली. त्या दिवशी ती गेली नाही.

खोली दहा पावलांची नसेल. मशीन, ब्लाउजच्या कापडांचं गाठोडं, एक स्टूल, एक चटई, कोपऱ्यात मटका. दुसऱ्या कोपऱ्यात झाकण ठेवलेली एक बादली होती. ती कशासाठी ते मी विचारलं नाही. टेबलावरचा पंखा फिरत होता आणि भट्टीतून काढल्यासारखी हवा अंगावर फेकत होता. हातातल्या यंत्रावर मी आत्ताच पाहिलेला आकडा अठ्ठेचाळीसच्या वर होता. तेच काम करायचे मी, पण आकडा वाचणं वेगळं आणि त्यात बसणं वेगळं. छताकडून एक जडपणा खाली उतरत होता आणि डोक्यावर येऊन थांबत होता.

मोनालीनं ओढणी मटक्यातल्या पाण्यात बुडवून माझ्या हातात दिली. "डोक्यावर घ्या, मॅडम. आन् भिंतीले टेकू नका, चटका बसते."

"रोज का लावतात त्या दार?"

तिनं मशीन थांबवलं नाही. टाके घालत घालतच बोलली. "थोरली जाऊ होती माही. पाच वर्सं झाली, अशीच दुपारी निघून गेली. पोरगं घेऊन. थोरले भासरे, तिचा नवरा, दारू प्याले लागले, मंग घर सोडून गेले. कुठं हायेत, कोनाले माहीत नाही. मी लग्न होऊन आली तं आईनं पयल्या महिन्यापासूनच कडी लावणं सुरू केलं. मारत नाहीत, बरं का. शिव्या देत नाहीत. जेवाले चांगलं देतात. फक्त घरात कोनी नसलं का वर बसवतात."

"खालीच का नाही कोंडत मग? तिथं कूलर तरी आहे."

"खालच्या दाराले बाहेरून कडी नाही. आन् मागचं दार गल्लीत उघडते."

हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं की जणू पाणी कुठल्या वेळेला येतं ते सांगतेय.

"प्रफुल्लला माहीत आहे?"

"त्यायले सांगितलं होतं मी. ते म्हनाले, आईच्या मनातून भेव जाऊ दे, मंग बंद करंल."

मी उठून भिंती चाचपायला लागले. दाराची चौकट लोखंडी होती, ती हलणार नव्हती. पण मशीनच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, पत्रा लाकडी पट्टीवर खिळ्यांनी ठोकलेला होता, आणि तिथले खिळे बाकीच्यांपेक्षा वेगळे होते. डोकी वाकडी, एकावर एक ठोकलेली.

"मोनाली, हा कोपरा निघेल. कात्री दे."

ती जागची हलली नाही.

"निघते," ती म्हणाली. "मागच्या वर्सी मीच काढला होता."

"मग?"

"मंग परत ठोकला."

घामानं माझे कपडे अंगाला चिकटले होते. ती मात्र कोरडी दिसत होती, ओठ तडकलेले.

"पत्रा काढून जाऊ कुठं, मॅडम? पळून गेलेली म्हनतील. माह्या बाबाकडं अजून दोन बहिनी लग्नाच्या हायेत. एकदा का पत्रा फाटला, तं मले इथंबी राहता येत नाही आन् तिथंबी जाता येत नाही. म्हनून परत ठोकला. खिळे सरळ करून करून ठोकले."

"आज मी आहे ना. मी सांगीन काय झालं ते."

"तुम्ही सांगाल आन् नागपूरले जाल."

मी खाली बसले. अजून दमानं घेऊ, असं स्वतःला समजावलं. कुणीतरी येईल. मटका मधे ठेवून आम्ही घोट घोट पाणी पीत होतो. मटका एका माणसापुरता भरलेला होता. थोड्या वेळानं लक्षात आलं की ती गडवा तोंडाला लावते, पण घोट घेत नाही.

"तू पी."

"पिली ना."

"नाही प्यायलीस. मी बघितलं."

तेव्हा तिनं मशीनवरचा हात काढला आणि तो पोटावर ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "तिसरा चालू हाय. कोनाले सांगितलं नाही अजून."

"सासूबाईंनाही?"

"मागच्या वर्सी सांगितलं होतं. खूश झाल्या, पेढे वाटले. मंग एप्रिल लागला. तेव्हाबी मी इथंच बसत होती. एक दिवस चक्कर येऊन पडली, आन् दोन दिवसांनी गेलं ते." ती खिडकीच्या जाळीकडे बघत होती. "डॉक्टरनं इचारलं, काही जड उचललं का. मी म्हटलं, नाही. तिनं आनखी काही इचारलं नाही. म्हनून मी त्या दिवशी खिळे काढले."

त्यानंतरचं मला नीट सलग आठवत नाही. डोकं ठणकत होतं ते आठवतं. घाम यायचा थांबला, कातडी कोरडी आणि गरम लागायला लागली. हे लक्षण मी दोनशे घरांत जाऊन लोकांना सांगत होते, पत्रकं वाटत होते. पण ते स्वतःच्या हाताला लागलं तेव्हा आळसावल्यासारखं वाटलं, बास. मी उलटी केली. जवळजवळ सगळं प्यायलेलं पाणी बाहेर गेलं. मोनालीनं मटक्यातलं उरलेलं माझ्या डोक्यावर ओतलं तेव्हा मी तिला रागावले, म्हणाले, ते तुझ्यासाठी ठेव. निदान मला तसं बोलल्याचं आठवतं. ती म्हणते की मी फक्त पुटपुटत होते आणि त्यातलं एक अक्षरही लागत नव्हतं.

मग लोखंड ओरबाडल्याचा आवाज. डोळे उघडले तर ती मशीन बाजूला सारून गुडघ्यावर बसली होती आणि कात्रीचं टोक पत्र्याखाली घालून, दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून उचकत होती. पत्रा तापलेला. तिनं हाताला कापड गुंडाळलं होतं आणि ते कापड लाल झालं होतं. एक खिळा उडाला, मग दुसरा. पत्रा कुरकुरत वर वाकला आणि पांढरं ऊन आत आलं.

तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती थांबणार. मग ती पालथी झाली आणि त्या फटीतून सरपटत बाहेर गेली. पाठीवर पत्र्याची धार लागल्याचं तिच्या ओरडण्यावरून कळलं. जिन्यावरून अनवाणी पावलं धावत गेली.

पुढचं मी ऐकलेलं. ती समोरच्या बावणे काकांच्या दारावर दोन्ही मुठी आपटत होती. काकूंनी दार उघडलं, तर समोर रक्तानं भरलेले हात आणि उघडं डोकं. त्यांनी तिला ओळखलंच नाही. दोन वर्षं समोर राहत होती, पण अशी दुपारी गल्लीत कधी दिसली नव्हती. "वर बाई मरून राहिली," एवढंच ती म्हणत होती. काकांनी पहार घेऊन कुलूप तोडलं आणि मला खाली आणलं.

सरकारी दवाखान्यात मला सलाइन लावलं, काखेत आणि मानेला बर्फ लावला. नर्स म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. शेजारच्या खाटेवर मोनाली होती. तिच्या पाठीला टाके पडले होते आणि तळहात बांधलेले. तिलाही सलाइन चालू होतं. पोटातलं सुखरूप होतं.

संध्याकाळी गिरिजाबाई आल्या. लग्नघरून तशाच धावत आलेल्या, अंगाला तुपाचा आणि धुराचा वास, बोटांना वाळलेली कणीक. खाटांच्या मधे त्या उभ्या राहिल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"मी तिले कोंडत नोती, मॅडम," त्या म्हणाल्या. "जपत होती."

त्यांनी बोटांची कणीक पदराला पुसली.

"थोरली गेली तं माह्यं पोरगं गेलं. तुम्हाले काय सांगू? दार उघडं दिसलं का माह्या छातीत धडधड होते. चुलीसमोर पुऱ्या तळत असते, पन जीव तिकडं." त्या मोनालीकडे वळल्या. "काही दुखलं-खुपलं का मी तुले कधी? सांग ना यायले. एक चापट मारली का?"

"नाही, आई," मोनाली म्हणाली.

"मंग?"

"तिसरा महिना चालू हाय मले."

गिरिजाबाईंनी खाटेची कड धरली. मग त्या हळूच पुढे झाल्या आणि सुनेच्या केसांवर हात ठेवायला गेल्या. मोनालीनं मान बाजूला घेतली. फार नाही, वीतभरही नाही. तेवढ्यानं तो हात हवेतच राहिला.

"मी घरी येनार नाही," ती म्हणाली. "बाबाले फोन लावला मी. काकूच्या फोनवरून."

गिरिजाबाई निघून गेल्यावर बराच वेळ आम्ही दोघी छताकडे बघत पडून होतो. दवाखान्याचा मोठा पंखा फिरत होता. माझं डोकं हळूहळू ठिकाणावर येत होतं आणि मी दुपारपासूनचं सगळं पहिल्यापासून आठवत होते. आठवता आठवता मी एका जागी अडकले.

"मोनाली, त्या दाराशी आल्या, तुला हाक मारली. तू 'हो, आई' म्हणालीस. मॅडम आत आहेत, एवढंच म्हणायचं होतं. विसरलीस का?"

तिनं बांधलेले हात छातीशी घेतले.

"नाही विसरली," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी सगळं इचारलं. कूलर हाय का, फ्रीज हाय का, पानी किती वाजता येते. आईनं सांगितलं, तुम्ही लिहिलं. मी तिथंच उभी होती. मले वाटलं, एक दुपार ह्या आत बसल्या तं मंग लिहितील." तिचा आवाज बारीक झाला. "तुमाले इतकं होईल असं वाटलं नोतं. मी तं रोज बसते."

मला तिचा भयंकर राग आला. मरता मरता वाचले होते मी. सलाइनचा हात उगारून काहीतरी बोलणारही होते. पण त्या बांधलेल्या तळहातांकडे नजर गेली आणि मी हात खाली घेतला. तो राग आजही पुरता गेलेला नाही. आणि तिच्या जागी मी असते तर आणखी काय केलं असतं, तेही मला अजून सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले आणि तिला मूल शहराजवळच्या आपल्या गावी घेऊन गेले. प्रफुल्ल आठवड्यानं परतला. आधी आईशी भांडला, मग सासुरवाडीला जाऊन दाराबाहेर बसला. मोनालीनं त्याला पावसाळाभर बसवलं. शेवटी तो वरोऱ्याकडे दुसऱ्या मालकाच्या गाडीवर लागला, तिथं त्यानं तळमजल्यावर एक खोली घेतली, तेव्हा ती गेली. दिवाळीच्या सुमारास तिला मुलगी झाली.

नागपूरला परतल्यावर मी इंगोले सरांना सांगितलं की आपल्या प्रश्नांत एक प्रश्न कमी आहे. दुपारी घरात असलेल्या प्रत्येक माणसाला स्वतःच्या मर्जीनं दार उघडून बाहेर जाता येतं का?

सर चष्मा पुसायला लागले. "याला गुण कसे देणार?" ते म्हणाले. "आणि खरं उत्तर कोण देईल? जो कोंडतो तोच तर उत्तर देतो."

"म्हणून प्रत्येकाला वेगळं बसवून विचारायचं."

"दुप्पट वेळ लागेल."

"लागेल."

"बरं, प्रश्न घाल," ते म्हणाले. "गुणांचं नंतर बघू."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तीच घरं पुन्हा केली. मोहुर्ल्यांच्या घरी दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. मी स्वतःच गेले. गिरिजाबाई खाली कूलरसमोर एकट्याच बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, पाणी आणलं. वरची खोली त्यांनी काढून टाकली होती. गच्ची मोकळी दिसत होती. लग्नांच्या स्वयंपाकाला आता जात नाही म्हणाल्या, गुडघे धरलेत. मी ओळीनं प्रश्न विचारत गेले आणि त्या उत्तरं देत गेल्या. मग तो नवा प्रश्न आला. तो वाचताना माझा आवाज बदलला असणार.

त्यांनी ऐकून घेतलं. घाई केली नाही.

"दुपारी घरात मी एकलीच राहते," त्या म्हणाल्या. "मले जाता येते बाहेर. पन जाऊ कुठं?"

मी लिहिलं. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"पोरगी झाली म्हने तिले."

"हो. दोघी बऱ्या आहेत."

"नाव काय ठेवलं?"

नाव मला माहीत होतं. पण ते सांगायचं की नाही हे मोनालीनं ठरवायचं होतं, आणि तिनं सांगू नका म्हटलं होतं. "ते तिलाच विचारा," मी म्हणाले.

गिरिजाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. एकदा उघड्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इचारा पुढचं," त्या म्हणाल्या.